निवड यादीत नाव नसताना

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे समितीचे पत्र आले तेव्हा आमच्यापैकी कोणीच लगेच होकार दिला नाही. अशा अंकात कोणाचे लेख येतात, हे आपण सर्वजण जाणतो. अधिकारी झालेले, डॉक्टर झालेले, परदेशी गेलेले आपले विद्यार्थी त्यांत असतात. त्यांची छायाचित्रे आम्हीही लहानपणी वाचनालयातील जुन्या स्मरणिकांमध्ये बोट ठेवून पाहिली आहेत. ती पाहूनच आम्हांला पुढे जाण्याची उमेद मिळाली आणि त्यांच्याविषयीचा आमचा आदर आजही कायम आहे. परंतु एका तुकडीतून अशी दोन-तीन छायाचित्रे निघतात. उरलेल्या पस्तीस-चाळीस जणांचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी लिहीत नाही. आम्ही त्या उरलेल्यांपैकी आहोत.

२००६ साली दहावी झालेले आम्ही सात जण होतो. पाच मुलगे आणि दोन मुली. हा लेख मात्र सहा जण मिळून लिहीत आहोत. सातव्याविषयी पुढे सांगायचे आहे. किंबहुना त्याच्यासाठीच हे लिहिण्याचे धाडस केले आहे.

आम्ही या शाळेत आलो तेव्हा आमच्यातील बहुतेकांचे आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. गावात मागे राहिलेल्या मुलाचे शिक्षण म्हणजे आजीच्या भाकरीवर आणि नशिबावर सोडलेली गोष्ट. वसतिगृहाने आम्हांला दोन वेळचे जेवण, गणवेश आणि पहाटे पाचची घंटा दिली. थंडीत हौदाच्या पाण्याने अंघोळ, मग विहारात त्रिशरण-पंचशील, मग कंदिलाच्या उजेडातील अभ्यास, कारण वीज असली तर असे. त्या सगळ्या दिनक्रमात एक शब्द वारंवार कानावर पडे, तो म्हणजे ‘नोकरी’. अधीक्षक सर, वर्गशिक्षक, स्वयंपाकघरातील मावशी, भेटीला आलेले वडील, सर्वांच्या तोंडी एकच वाक्य असे : शीक, म्हणजे नोकरी लागेल. शिक्षण आणि नोकरी यांमध्ये एखादी दरी असू शकते, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. सांगणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हते. त्यांच्या काळात दहावी-बारावी होऊन डी.एड. केलेला मुलगा काही महिन्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू होत असे.

म्हणूनच बारावीनंतर आमच्यातील पाच जणांनी डी.एड.ला प्रवेश घेतला. २०१० साली राज्यात शिक्षक भरतीची सीईटी झाली, तेव्हा आमचा अंतिम निकाल हाती यायचा होता. पुढच्या वेळी बसू, असे म्हणून आम्ही थांबलो. ती पुढची वेळ यायला किती वर्षे लागतील, याची त्या वेळी कोणाला कल्पना होती? ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली. अनेक ठिकाणी कागदावरची मुले वर्गात सापडली नाहीत. शिक्षक अतिरिक्त ठरले, त्यांचे समायोजन होईपर्यंत नवी भरती नको, असे धोरण आले आणि २०१२ पासून भरतीचे दार बंद झाले. खोटा पट कोणी दाखविला आणि त्याची झळ कोणाला लागली, याचा विचार आम्ही अनेक रात्री केला आहे. ज्यांनी अजून एकाही वर्गावर हजेरी घेतली नव्हती, अशी हजारो डी.एड. झालेली मुले-मुली त्यात भरडली गेली.

डिसेंबर २०१३ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षा आली. राखीव प्रवर्गासाठी ५५ टक्के गुण आवश्यक होते. आमच्यातील एकीला ५४ टक्के मिळाले. पुढच्या प्रयत्नात ती उत्तीर्ण झाली, तोवर उत्तीर्ण होऊनही उपयोग नव्हता, कारण भरतीच नव्हती. अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि पवित्र पोर्टलवरून प्रत्यक्ष नियुक्त्या २०१९ मध्ये मिळू लागल्या. म्हणजे डी.एड.चे प्रमाणपत्र हाती पडल्यापासून नऊ वर्षे. शाळेत आम्हांला काळ-काम-वेगाची गणिते घालत. त्यांतील काम केव्हातरी संपत असे.

उरलेले दोघे पोलीस भरती आणि राज्यसेवेच्या मार्गाला लागले. त्यांतील एकाचे धावणे असे, की वसतिगृहाच्या क्रीडास्पर्धेत त्याच्या जवळपास कोणी नसे. भरतीच्या मैदानावर तो पहाटे चारपासून रांगेत उभा राहिला आणि धावण्याची वेळ येण्याआधीच बाहेर आला. पुरुषांसाठी १६५ सेंटिमीटर उंची लागते. त्याची १६४ भरली. मोजणाऱ्याने पट्टी वर उचलली आणि पुढच्याला बोलावले. तो आम्हांला म्हणाला, अभ्यास कमी पडला असता तर आणखी केला असता, आता हाडे कोठून आणू? त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. तो त्या वर्षी तीन जिल्ह्यांत पुन्हा मोजून आला. कोठेतरी पट्टी चुकेल, अशी आशा माणसाला असते.

नकार हा एकदा मिळाला तर माणूस तो पचवितो. आमच्या वाट्याला तो निरनिराळ्या रूपांत आला. कधी निवड यादीत नाव नसते. कधी यादीच लागत नाही. कधी परीक्षा पुढे ढकलली जाते. कधी झालेली परीक्षा रद्द होते आणि भरलेल्या शुल्काचे काय झाले, हे कळत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत चार हजारांहून अधिक जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर आले. राखीव प्रवर्गाचे शुल्क ९०० रुपये होते. शेतमजुरी करणाऱ्या बाईच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी ही रक्कम आहे आणि वर्षभरात असे चार-पाच अर्ज भरावे लागतात. त्यावर परीक्षा केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून एसटीचे भाडे, आदल्या रात्रीचा मुक्काम आणि बाहेरचे जेवण. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलल्याची घोषणा झाली आणि पुण्यात नवी पेठेतील शास्त्री रस्त्यावर मुले उतरली. त्या गर्दीत आमच्यातील एक उभा होता. त्याचे वय तेव्हा तिशीच्या घरात होते. आजूबाजूची मुले त्याला ‘दादा’ म्हणत होती. परीक्षा पुढे गेल्याचे दुःख होतेच, पण आपण या गर्दीतील ‘दादा’ झालो आहोत, हे त्या दिवशी त्याला अधिक लागले.

घरी जाणे हा त्या वर्षांतील सर्वांत अवघड पेपर होता. एसटी गावच्या फाट्यावर थांबली, की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘काय, लागलं का कुठं?’ विचारणारे वाईट नव्हते. त्यांतील कितीतरी जणांनी आम्हांला लहानपणी परीक्षेला जाताना हातावर पाच-दहा रुपये ठेवले होते. तरीही आम्ही सणावारी जाणे टाळू लागलो. जायचेच झाले तर शेवटच्या गाडीने, अंधार पडल्यावर. आमच्यातील एकाची आई तो आला की काही विचारीत नसे. ती त्याच्या ताटात भाकरी वाढी आणि दिव्याकडे पाहत बसे. पारावरच्या प्रश्नापेक्षा तिचे न विचारणे त्याला अधिक जड जाई.

मुलींची गोष्ट आणखी निराळी होती. मुलग्याला ‘आणखी एक वर्ष’ मागता येते. मुलीचे ते वर्ष स्थळे मोजत असतात. आमच्यातील एकीने लग्नाच्या बोलणीतच सांगितले, की परीक्षा देणे थांबविणार नाही. सासरचे लोक चांगले निघाले. अभियोग्यता चाचणीच्या दिवशी तिचे सात महिन्यांचे बाळ केंद्राबाहेर सासूबाईंच्या मांडीवर होते. दुसरीला एका खासगी कार्यालयात मुलाखतीत विचारले गेले, लग्न कधी करणार? आणि मग, आडनाव पुन्हा एकदा सांगा. आडनाव ऐकल्यावर फाइल मिटली. कळवतो, असे म्हणाले. ते अद्याप कळविलेले नाही.

आडनावाचा अनुभव आम्हां सर्वांना आहे. पुण्यात खोली पाहायला गेलो असता भाडे, अनामत, पाण्याची वेळ सारे ठरे आणि शेवटी आधारकार्ड पाहून घरमालकाला आठवे, की खोली पुतण्याला द्यायची आहे. अशा एका संध्याकाळी, तिसऱ्या खोलीचा नकार घेऊन आम्ही पुलावर बसलो होतो. तेथे बोलता बोलता बडोद्याचा विषय निघाला. लहानपणी शाळेतील भाषणांत आम्ही सर्वांनी तो प्रसंग सांगून बक्षिसे मिळविली होती. कोलंबिया विद्यापीठात शिकून आणि लंडनमधील अभ्यास अर्धा ठेवून बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि काही दिवसांतच हातात काठ्या घेतलेला जमाव दारात आला. तेथून निघाल्यावर गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. भाषणात आम्ही येथे आवाज चढवीत असू आणि टाळ्या पडत.

पण त्या संध्याकाळी आम्हांला भाषणात कधी न सांगितलेला भाग आठवला. बडोदा सोडल्यानंतरचे वर्ष. मुंबईला परत आलेल्या त्या उच्चविद्याविभूषित माणसाच्या हाती नोकरी नव्हती. त्यांनी शिकवण्या केल्या. शेअरबाजारातील व्यवहारांसाठी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे, हे कळल्यावर तोही बंद पडला. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकाची जागा मिळाली ती नोव्हेंबर १९१८ मध्ये. मधल्या त्या महिन्यांना चरित्रात फार तर दोन पाने मिळतात. आम्हांला मात्र तीच पाने जवळची वाटली. घरात खाणारी तोंडे, शिकवणीला जाणारा पदवीधर आणि कोठूनतरी येणाऱ्या पत्राची वाट. बाबासाहेबांची थोरवी आपण त्यांच्या यशावरून मोजतो. त्या रिकाम्या वर्षात त्यांनी स्वतःला लहान मानले नाही आणि पुस्तक खाली ठेवले नाही, हेही तितकेच थोर आहे, असे आम्हांला त्या दिवसापासून वाटते.

आता सातव्याविषयी.

तो आमच्यात सर्वांत हुशार होता. दहावीला शाळेत पहिला आला. विहारात वंदनेचा आवाज त्याचा असे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा त्याने दोनदा दिली आणि दुसऱ्या वेळी दीड गुणाने मुलाखत हुकली. हे २०१५ चे. निकालाच्या संध्याकाळी आम्ही त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘ठीक आहे. पुढच्या वेळी बघू.’ त्याच्या आवाजात काही नव्हते. आम्हांला ते कळायला हवे होते. आमच्यापैकी प्रत्येकाने असे धरले, की दुसरा कोणीतरी त्याच्याशी बोलत असेल. शिवाय त्याच महिन्यात आमच्या स्वतःच्या परीक्षा होत्या. तीन आठवड्यांनी आम्ही त्याच्या खोलीवर गेलो, तेव्हा त्याची कॉट रिकामी होती. खानावळीच्या काकूंनी सांगितले, की महिन्याचे पैसे चुकते करून तो गेला. पुस्तके अभ्यासिकेतील एका लहान मुलाला देऊन गेला. फोन बंद होता.

त्याच्या आईला वर्षातून एकदा, बहुधा दिवाळीच्या सुमारास, निराळ्या क्रमांकावरून फोन येतो. तो सुखरूप आहे, एवढेच सांगतो. कोठे आहे, हे सांगत नाही. त्याला नोकरी मिळाली नाही, हा आमचा दोष नव्हता. ते तीन आठवडे मात्र आमचे आहेत. ते आम्ही कोणाच्याही माथी मारू शकत नाही.

पुढच्या वर्षी, २०१६ च्या बुद्धपौर्णिमेला, आम्ही सहाजण शाळेत आलो. तो दुष्काळाचा उन्हाळा होता. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते हेच वर्ष. वसतिगृह सुटीमुळे रिकामे होते आणि अंगणात टँकरचे पिंप भरून ठेवले होते. अधीक्षक सर निवृत्त होऊनही आवारातच राहत होते. आम्ही त्यांना सारे सांगितले. आम्हांला वाटले होते, ते धीराचे चार शब्द बोलतील. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘बाळांनो, चूक आमचीही आहे. पडल्यावर उठावं कसं, ते आम्ही शिकवलंच नाही. आम्ही फक्त पहिलं यायला शिकवलं.’

मग त्यांनी सोण भिक्खूची गोष्ट सांगितली. ती आम्ही वर्गात ऐकलेली होती, पण परीक्षेपुरती. सोण इतक्या कठोरपणे साधना करी, की चालता चालता त्याच्या पायांतून रक्त येई. तरीही फळ मिळेना, तेव्हा तो संघ सोडून घरी जाण्याच्या विचारात होता. तो गृहस्थ असताना वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, की वीणेच्या तारा फार ताणल्या तर सूर निघतो काय? आणि फार सैल सोडल्या तर? सर म्हणाले, तुमच्या मित्राची तार तुटेपर्यंत ताणलेली होती आणि आपण सर्वजण, शाळासुद्धा, बाजूला उभे राहून टाळ्या वाजवीत होतो. सम्यक व्यायाम म्हणजे जास्तीत जास्त श्रम नव्हेत, योग्य श्रम.

त्या रात्री रिकाम्या वसतिगृहाच्या ओट्यावर बसून आम्ही चार गोष्टी ठरविल्या. त्या फार मोठ्या नाहीत, परंतु पुढची वर्षे आम्ही त्यांच्यावर काढली, म्हणून येथे नोंदवितो.

पहिली : ज्या दिवशी नकार येईल, त्याच संध्याकाळी तो कोणातरी एकाला सांगायचा. दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही, ऐकायचे. दोन दिवस कोणाचा फोन लागला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभे राहायचे, परीक्षा असली तरी.

दुसरी : घरी खोटे सांगायचे नाही. आमच्यातील एक दीड वर्ष अभ्यासिकेत जातच नव्हता. रात्री एटीएमवर पहारा करी आणि घरी ‘तयारी चालू आहे’ असे सांगे. त्याने त्या सुटीत वडिलांना खरे सांगितले. वडील म्हणाले, ‘मग रात्रीची थंडी लागत असंल की रं. घोंगडी घेऊन जा.’ दीड वर्ष ज्या क्षणाची धास्ती घेतली होती, तो असा संपला. आपल्या आई-वडिलांनी आपल्यापेक्षा अधिक नकार पचविलेले असतात, हे आम्ही विसरलो होतो.

तिसरी : अभ्यासाबरोबर काहीतरी कमावायचे. शिकवणी, दुकानातील हिशेब, वाळूजच्या कारखान्यात कंत्राटी काम, जे मिळेल ते. पैशांइतकेच कारण दुसरे होते. ज्याच्या दिवसाला काही आकार आहे, त्याचा नकार दिवसाच्या एका कोपऱ्यात राहतो. ज्याचा दिवस रिकामा आहे, त्याचा सारा दिवस नकार व्यापून टाकतो.

चौथी : मर्यादा ठरवायची. पोलीस शिपाई भरतीत राखीव प्रवर्गाला वयाच्या ३३ पर्यंत आणि राज्यसेवेत ४३ पर्यंत संधी असते. शासनाची मर्यादा म्हणजे आपली मर्यादा नव्हे. किती प्रयत्न करायचे, हे शांत डोक्याने आधी लिहून ठेवायचे आणि त्या दिवशी थांबायचे. थांबणे म्हणजे हरणे, ही समजूत आम्ही फार कष्टाने टाकली.

पाचवी एक गोष्ट न ठरविताही ठरली, ती ‘डोनेशन’ची. खासगी संस्थेत शिक्षकाच्या जागेसाठी लाखांत पैसे मागितले जातात, हे आपल्या समाजात लपलेले नाही. आमच्यातील एकाच्या वडिलांनी त्यासाठी एक एकर कोरडवाहू विकली होती. शाळा विनाअनुदानित होती. अनुदान येईल, मग पगार सुरू होईल, असा वायदा होता. सहा वर्षे त्याने बिनपगारी शिकविले आणि सुटीत ऊसतोडीला गेला. ज्यांना तो वर्गात प्रामाणिकपणाचा धडा शिकवी, त्यांच्यासमोर तो पैसे देऊन उभा होता, ही सल त्याला अधिक होती. सम्यक आजीविकेचा अर्थ आपण सहसा कोणता धंदा करू नये, एवढाच घेतो. धंदा चांगला असला तरी त्याच्या दारातून आत कसे जायचे, हाही त्याच वचनाचा भाग आहे, असे तो म्हणतो. जमीन परत आली नाही.

पहिल्या नियमाची कसोटी २०१८ च्या उन्हाळ्यात लागली. अभियोग्यता चाचणी होऊन काही महिने झाले होते, गुण चांगले होते आणि पोर्टल पुढे सरकत नव्हते. आमच्यातील एकाचा फोन दोन दिवस लागला नाही. तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता आमच्यातील दोघे रात्रीच्या गाडीने निघाले. तो शेतात एकटाच बसलेला सापडला. त्याच्या मनात काय होते, हे त्याने पुढे आम्हांला सांगितले. ते येथे लिहीत नाही. आम्ही त्याला उपदेश केला नाही. घरी आणून जेवू घातले, दोन दिवस सोबत राहिलो आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या विभागात नेले. डॉक्टरांनी औषधे दिली, त्याला झोप लागू लागली. वेड लागले आहे काय, असे गावात काहींनी विचारले. ताप आल्यावर दवाखान्यात जातो तसेच हे, असे त्याच्या आईने त्यांना सुनावले. आज अशा वेळी कोणाला फोन करावा, हे कळत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मराठीतून बोलतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. शाळेने तो प्रत्येक वर्गात लिहून ठेवावा, ही आमची विनंती आहे.

आता आम्ही कोठे आहोत? सात महिन्यांचे बाळ सासूबाईंकडे देऊन परीक्षा दिलेली आमची मैत्रीण २०१९ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेविका झाली. मानधन तेव्हा महिना ६,००० रुपये होते. शेतातून घरी आणलेला आमचा मित्र २०२३ च्या दुसऱ्या चाचणीनंतर २०२४ मध्ये रुजू झाला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. १६४ सेंटिमीटरवाला आज तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवितो. जात प्रमाणपत्र आणि पडताळणीची कागदपत्रे घेऊन आलेल्या मुलांना तो सांगतो, की कोणता रकाना चुकला की अर्ज बाद होतो. ही विद्या त्याने स्वतःचे अर्ज बाद होऊन मिळविली आहे. आपल्या शाळेच्या मुलांकडून तो फॉर्म भरण्याचे पैसे घेत नाही. आडनाव पुन्हा विचारली गेलेली आमची दुसरी मैत्रीण शिकवणी वर्ग चालविते आणि त्यात सर्व आडनावांची मुले येतात. एटीएमवर पहारा करणारा कारखान्यात पर्यवेक्षक आहे. आणि बिनपगारी शिकविणारा आजही अनुदानाच्या पुढच्या टप्प्याची वाट पाहतो आहे. म्हणजे सगळ्यांचे भले झाले, असे लिहून आम्हांला हा लेख संपविता येत नाही.

भगवंतांनी ज्या आठ लोकधर्मांविषयी सांगितले, त्यांत लाभ-अलाभ आणि यश-अपयश यांच्या जोड्या आहेत. शाळेत आम्ही त्या पाठ केल्या, तेव्हा वाटे की चांगल्याला लाभ आणि आळशाला अलाभ मिळत असेल. आता कळते, की दोन्ही वारे सर्वांवरून वाहतात. नकार ही आपल्या योग्यतेची मोजणी नसते. पुष्कळदा ती जागांची, धोरणांची आणि कधी आडनावांची मोजणी असते. हे समजल्याने अन्याय कमी होत नाही. त्यासाठी रिक्त जागा भरा, हे संघटितपणे मागावेच लागेल आणि आम्ही मागत आहोत. परंतु अन्यायाचा भार स्वतःच्या छातीवर घेऊन रात्र काढण्याची गरज उरत नाही.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे, की मुलगा घरी आला तर ‘लागलं का?’ याआधी ‘जेवलास का?’ असे विचारावे. शाळेला विनंती, की यशस्वी विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या दिवशी एखादा थांबलेला विद्यार्थीही व्यासपीठावर बोलवावा. आणि वसतिगृहातील मुला-मुलींना सांगणे, की अभ्यास मन लावून करा, पहिले या. आणि शेजारच्या कॉटवरचा मित्र गप्प झाला तर आपले पुस्तक मिटून त्याच्याजवळ जा.

आणि तू. हा अंक कोणाच्यातरी हातून तुझ्यापर्यंत पोहोचेल, अशी आशा आहे. तू काय करतोस, कोठे राहतोस, किती कमावतोस, हे आम्ही विचारणार नाही. तुझ्या आईची प्रकृती बरी आहे; एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आता तिला दिसते. अधीक्षक सर थकले आहेत आणि तुझे नाव काढतात. दर बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी आम्ही सहाजण शाळेच्या विहारात असतो. वंदना आता कोणीतरी म्हणतो, पण सूर तुझ्यासारखा लागत नाही. आम्ही तीन आठवडे उशिरा आलो, याची क्षमा कर. तुला यायला कितीही वर्षांचा उशीर झाला तरी चालेल.

जय भीम. नमो बुद्धाय.

— दहावी २००६ च्या तुकडीतील सहा माजी विद्यार्थी